जर्सी सिटी आणि हडसन काउंटी: खड्डा कुणाचा, कर कुणाचा?

मॅनहॅटनच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर, न्यू जर्सी राज्यात राहायला गेलेली आपली मंडळी पत्ता सांगताना ‘जर्सी सिटी’ म्हणतात. मग घराच्या खरेदीचे कागद येतात, त्यावर ‘हडसन काउंटी’ (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लिहिलेलं असतं, आणि दोन्ही एकच असावं असं वाटून जातं. समज अगदीच निराधार नाही. काउंटीचं मुख्यालय जर्सी सिटीतच आहे आणि २०२०च्या जनगणनेत काउंटीच्या ७,२४,८५४ रहिवाशांपैकी २,९२,४४९ या एकाच शहरात होते.

पण काउंटीत अशा नगरपालिका बारा आहेत. होबोकेन, बेयोन, युनियन सिटी, सिकॉकस, कर्नी ही त्यातली काही नावं. वेस्ट न्यूयॉर्क नावाचं गावही इथेच, न्यू जर्सीत. गटनबर्ग तर जेमतेम चार ब्लॉक रुंद, तरी त्याला स्वतःचा महापौर आहे! आणखी एक गंमत: आपले लोक किराणा आणायला जातात तो न्यूअर्क अव्हेन्यू जर्सी सिटीत, पण न्यूअर्क शहर मात्र पॅसेइक नदीपलीकडे, शेजारच्या एसेक्स काउंटीत.

हडसन ही न्यू जर्सीतली सर्वांत लहान काउंटी. जमीन जेमतेम १२० चौरस किलोमीटर, आणि दाटी राज्यात सर्वाधिक. पूर्वेला हडसन, पश्चिमेकडे हॅकेनसॅक आणि पॅसेइक या नद्या, दक्षिणेला खाडी. मधून उंच कडा गेलेला आहे.

वयाने शहर मोठं आहे. जर्सी सिटीला स्वतंत्र शहराचा दर्जा १८३८ साली मिळाला, काउंटी बर्गन काउंटीतून फुटून निघाली १८४० साली. तेव्हाचं शहर नदीकाठच्या छोट्या तुकड्यापुरतं होतं. बर्गन आणि हडसन सिटी ही शेजारची शहरं १८७०मध्ये त्यात विलीन झाली, १८७३मध्ये ग्रीनव्हिल. ‘हडसन सिटी’ हे नाव तेव्हा गेलं, म्हणून जुने कागद वाचताना गोंधळ आणखी वाढतो. बाकीच्या गावांनी आपापलं वेगळेपण सोडलं नाही. अपवाद युनियन सिटीचा, तीही दोन गावं एकत्र करून १९२५ साली झाली.

राजकारणानेही शहर आणि काउंटी यांच्यातली रेघ पुसट केली. फ्रँक हेग १९१७ ते १९४७ अशी तीस वर्षं जर्सी सिटीचे महापौर होते, पण त्यांचा शब्द साऱ्या काउंटीत चालायचा.

आता कारभार. शहरात महापौर आणि नऊ जणांची नगरपरिषद. काउंटीत निवडून आलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे कारभारप्रमुख, आणि निवडून आलेले नऊ कमिशनर. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याशी याची तुलना करू नये, कारण तो सरकारने नेमलेला अधिकारी असतो. कमिशनरांच्या मंडळाचं ‘फ्रीहोल्डर’ हे जुनं नाव २०२१पासून बदललं.

बांधकामाची परवानगी, कचरा, भाडेनियंत्रण, गल्लीतला खड्डा, हे सगळं शहराकडे. कोर्टाची इमारत, शेरीफ (काउंटीचा पोलीस अधिकारी), कर्नीतला तुरुंग, मृत्युपत्राची नोंद, घराच्या खरेदीखताची नोंद आणि कम्युनिटी कॉलेज काउंटीकडे. केनेडी बुलेवार्ड हा बेयोनपासून नॉर्थ बर्गनपर्यंत जाणारा लांबलचक रस्ता काउंटीचा, आणि त्याला येऊन मिळणाऱ्या बहुतेक गल्ल्या शहराच्या. लिंकन पार्क जर्सी सिटीत असलं तरी ते काउंटीचं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मालमत्ता कराचं बिल. ते शहराकडून येतं, म्हणून लोक सगळा राग महापौरावर काढतात. त्या एका बिलात शहराचा, शाळांचा आणि काउंटीचा असे वेगवेगळे वाटे असतात. शहर फक्त वसुली करून काउंटीचा वाटा तिकडे पोचवतं. बिलात प्रत्येक वाट्याची ओळ वेगळी छापलेली असते, वाद घालण्याआधी ती बघावी. भाड्याने राहणाऱ्यांच्या हाती मात्र हे बिल कधी पडतच नाही. काउंटी नावाचं सरकार आपल्यावर कर बसवतं हे त्यांच्यातल्या कित्येकांच्या गावीही नसतं.