फॅटी लिव्हरचे पथ्य (सोलापूर परिसर)

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला मेदयकृत, बोलीत ‘फॅटी लिव्हर’, म्हणतात. थेंबभर दारू न घेणाऱ्यालाही ते होते. सुटलेले पोट, मधुमेह आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ही त्याची नेहमीची सोबत. पोटात दुखतेच असे नाही. भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात ‘ग्रेड वन’, म्हणजे सौम्य फॅटी लिव्हर, लिहून येते. उपचाराचा पाया आहार व व्यायाम हाच.

घोटाळा पथ्यापासूनच सुरू होतो. ‘लिव्हर’ म्हटले की घरात आधी कावीळ आठवते. मग फोडणी बंद, उसाचा रस सुरू, वर ग्लुकोजचे पाणी. फॅटी लिव्हरमध्ये हे नेमके उलटे पडते. साखरेतल्या फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतातच पोचतो आणि जास्त झाला की त्याची तिथेच चरबी बनते. म्हणून साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पहिली कात्री लागते ती रसवंतीला, थंड पेयांना आणि दिवसातून पाच-सहा वेळा होणाऱ्या गोड चहाला. डाळिंब चालते, पण दाणे खावेत. रस काढला की चोथा जातो, साखर उरते.

ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सबंध धान्य म्हणून ती मैद्याच्या पाव-खारीपेक्षा केव्हाही बरी. मात्र ज्वारी म्हणजे औषध नव्हे. कडक भाकरी पापडासारखी मोडत, गप्पांच्या नादात चार कधी संपतात कळत नाही. ताटात एक-दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ किंवा डाळ, अंबाडी-चाकवतासारखी पालेभाजी आणि काकडी-कांदा, असा बेत बसतो. शेंगा चटणीची चरबी बहुतांशी असंतृप्त, तरी १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० कॅलरी असतात. चमचाभर पुरे, वरून तेलाची धार नको. मटणाच्या रश्श्यावरची तर्री बाजूला काढावी.

वजन ५ टक्के उतरले की यकृतातली चरबी घटू लागते, ७ ते १० टक्के उतरले की सूजही ओसरते. ८० किलोच्या माणसाला सुरुवातीला ४ किलो. ते सावकाश उतरवावे. उपाशी राहून झपाट्याने घटवल्यास यकृताचा दाह वाढू शकतो. पंढरीच्या वाटेवर उपवासांना तोटा नाही, पण साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू म्हणजे ‘एकादशी दुप्पट खाशी’.

दारू पूर्ण बंद. बिनसाखरेची कॉफी चालते.

सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते निबर होणे) झालेल्यांना हे पथ्य लागू नाही. त्यांचे स्नायू झडतात, म्हणून प्रथिने वाढवावी लागतात (शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम) आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायला दिले जाते. डाळ-दूध तोडून अशा रुग्णाला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवणारी घरे अजूनही आहेत.