हेडबँड वापरण्यापूर्वी: मेंदूच्या लहरींचा सराव

हा पट्टा कपाळावरच्या आणि कानामागच्या सेन्सरने मेंदूच्या लहरी टिपतो; लहर ठरलेल्या पातळीला पोहोचली की ॲप बक्षीस म्हणून एक सूर वाजवतं. मेंदूतली विद्युत हालचाल डोक्याच्या कातडीपर्यंत पोहोचेस्तोवर जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट (व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट) उरते. जबडा आवळला की कानशिलाच्या स्नायूंमधून याच्या कितीतरी पट मोठा सिग्नल येतो. म्हणून स्कोअरकडे पाहण्याआधी सिग्नल स्वच्छ आहे का ते पाहा. नाहीतर सराव मेंदूऐवजी स्नायूंचाच होईल.

पट्टा लावताना

कपाळ ओल्या कापडाने पुसा. तेल किंवा क्रीम राहिलं तर संपर्क नीट होत नाही. कानामागच्या सेन्सरखाली केस येऊ देऊ नका. सेन्सर कोरडे असतील तर ओलं बोट हलकेच फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. पाणी मात्र बेतानं लावा. दोन सेन्सरमध्ये ओघळ गेला की ग्राफवरच्या दोन्ही रेषा हुबेहूब सारख्या दिसू लागतात. असं दिसलं तर पुसून पुन्हा लावा.

आता अर्धा मिनिट डोळे मिटा. 8 ते 12 हर्ट्झची अल्फा लहर वाढली पाहिजे आणि डोळे उघडताच उतरली पाहिजे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरींवर पहिला लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही अल्फा लहर ओळखीची आहे. ती डोक्याच्या मागच्या भागात जोरदार असते, त्यामुळे कपाळापेक्षा कानामागच्या सेन्सरवर जास्त स्पष्ट दिसते. काहींची अल्फा मुळातच कमी असते. त्यात काळजीचं काही नाही.

ग्राफवर फसवणारे प्रकार

पापणी लवली की कपाळाच्या सेन्सरवर मोठा उंचवटा येतो आणि त्याची गणना संथ लहरींत होते. दात आवळले की रेषा दाट, केसाळ दिसते आणि बीटा, म्हणजे अल्फापेक्षा जलद लहर, वाढल्यासारखी वाटते. ‘एकाग्रता वाढली’ असं वाटलेलं पुष्कळदा हेच असतं. ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवा. घामाने रेषा हळूहळू वरखाली तरंगते. चार्जिंग चालू असताना पट्टा डोक्याला लावूच नका.

सत्र

आधी दोन मिनिटं सुराविना नुसती लहरींची नोंद, मग चार-चार मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती. आठवड्यातून दोन-तीनदा, शक्यतो दिवसाच्या एकाच ठराविक वेळी. कॉफीनंतरचं सत्र कॉफीविना केलेल्या सत्राशी ताडून पाहू नका. इअरफोन वायरचे घ्या; ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो आणि बक्षिसाचा सूर कशासाठी वाजला ते मेंदूला जुळवता येत नाही.

उंबरठा, म्हणजे ज्या पातळीला सूर वाजतो ती, ॲपमध्ये आपोआप बदलू देऊ नका. आपोआप बदलणारा उंबरठा तुमच्या मागे सरकत राहतो. लहर बदलली नाही तरी बक्षिसं तेवढीच मिळतात आणि प्रगती झाल्याचा भास होतो. पहिल्या नोंदीवरून साधारण दोन-तृतीयांश वेळ सूर वाजेल अशी पातळी ठरवा आणि पूर्ण सत्र तीच ठेवा. प्रगती मोजायची तर बक्षिसांची संख्या सोडून सत्राआधीची नोंद पाहा.

उपचार म्हणून नाही

हे उपकरण सरावासाठी आहे. अतिचंचल मुलांवरच्या अनेक चाचण्यांत कुणाला खरा सराव मिळतोय हे झाकून ठेवलं होतं; तिथे तो खोट्या सरावापेक्षा ठळकपणे सरस ठरलेला नाही. त्यामुळे तसा दावा आम्ही करत नाही. डोकं दुखलं, चिडचिड झाली किंवा झोप बिघडली तर सराव थांबवा. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, आणि चालू औषध स्वतःहून कधीही बंद करू नका.