सुरक्षा कर्मचारी सन्मान (सेवाभावी क्लबांचा उपक्रम)

गावातील किंवा शहरातील पोलीस, अग्निशमन दल, होमगार्ड, जीवरक्षक, रुग्णवाहिका कर्मचारी, पोलीस पाटील अशा लोकांच्या जिवाची राखण करणाऱ्यांचा सेवाभावी क्लबाने केलेला जाहीर सत्कार. महाराष्ट्रात हा उपक्रम प्रामुख्याने रोटरी, लायन्स, जायंट्स, जेसीआय (ज्युनिअर चेंबर इंटरनॅशनल) आणि इनर व्हील (महिलांची संघटना) यांच्या शाखा करतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि मानपत्र हे त्याचे नेहमीचे स्वरूप. राष्ट्रपती पोलीस पदक किंवा शौर्यपदक शासन देते. इथे मात्र ज्यांच्या दारावरून गस्त जाते, ज्यांच्या गल्लीत आगीचा बंब येतो, तेच लोक नाव घेऊन आभार मानतात. म्हणूनच या सत्काराची किंमत शालीवर ठरत नाही. नेमके कोणाला आणि नेमक्या कोणत्या कामासाठी बोलावले, यावर ती ठरते.

उगम

रोटरीची स्थापना १९०५ साली शिकागोत झाली आणि लायन्सची १९१७ मध्ये. रोटरीने ‘व्यवसायसेवा’ हे आपल्या कामाचे एक स्वतंत्र अंग मानले. आपले काम चोख करणाऱ्या माणसाला, तो क्लबाचा सभासद नसला तरी, लोकांसमोर मान द्यावा ही कल्पना त्यातूनच रुजली. रोटरी भारतात १९१९-२० च्या सुमारास कोलकात्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत आली. लायन्सची भारतातील सुरुवात १९५६ ची. जायंट्स ही चळवळ मात्र मुंबईचीच. नाना चुडासमा यांनी ती १९७२ मध्ये सुरू केली. रोटरी आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. रोटरीत जानेवारी हा व्यवसायसेवेचा महिना असल्याने बऱ्याच क्लबांचे असे सत्कार त्याच महिन्यात येतात.

दिवस कोणता धरावा

या उपक्रमात सर्वाधिक घोळ होतो तो तारखेचा. चार तारखा सोयीच्या मानल्या जातात. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन: १९६१ साली याच दिवशी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला. त्यानंतरचा आठवडा ‘रेझिंग डे सप्ताह’ म्हणून पाळला जातो. शाळकरी मुले तेव्हा ठाण्यात येतात, शस्त्रे आणि श्वानपथक पाहतात. क्लबाचा कार्यक्रम त्याला सहज जोडता येतो. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवताना ६६ अग्निशामकांनी प्राण दिले, त्याची ही आठवण. सप्ताह २० तारखेपर्यंत चालतो. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन, १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात धारातीर्थी पडलेल्या दहा पोलिसांचा. ६ डिसेंबर हा होमगार्डचा वर्धापन दिन. ही संघटना १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात उभी राहिली.

आता अडचण पाहा. १४ एप्रिललाच आंबेडकर जयंती असते आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. या दोन्ही दिवशी पोलीस आणि होमगार्ड बंदोबस्तात असतात, सभागृहात येऊच शकत नाहीत. म्हणून १४ एप्रिलचा कार्यक्रम फक्त अग्निशमन दलासाठी, सकाळी आणि त्यांच्याच केंद्रात करावा. होमगार्डांचा सत्कार ६ तारखेऐवजी त्या आठवड्याच्या शेवटी ठेवावा. २१ ऑक्टोबर शोकाचा दिवस आहे. त्या सकाळी मुख्यालयात मानवंदना असते. तिथे क्लबाने पुष्पचक्र वाहावे आणि निघावे. हार, तुतारी, भोजन हे दुसऱ्या दिवसासाठी राखावे.

गणेशोत्सवाचे गणित वेगळे आहे. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि त्यात अनेक शिपाई सलग दोन दिवस उभे असतात. ‘विसर्जन झाले, आता लगेच आभार मानू’ या उत्साहात दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठेवला की पुढच्या रांगेत माणसे डुलक्या घेतात, आणि चूक त्यांची नसते. शिवाय अनंत चतुर्दशीनंतर पौर्णिमा संपताच पितृपक्ष लागतो, सभासद शुभकार्य नको म्हणतात. तो संपला की नवरात्र, म्हणजे पुन्हा बंदोबस्त. अनुभवी क्लब त्यामुळे गणेशोत्सवाचा सत्कार दसऱ्यानंतरच्या आठवड्यात करतात. वारीच्या मार्गावरच्या गावांत आषाढीनंतर आठवडाभर थांबण्याची पद्धत याच कारणाची. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर कार्यक्रम सरळ पुढे ढकलावा.

परवानगी आणि निवड

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही किंवा स्वतःच्या गौरवासाठी भरवलेल्या सभेला जाता येत नाही. निरोप समारंभासारखे खासगी, अनौपचारिक प्रसंग याला अपवाद आहेत. भेटवस्तूंवरही मर्यादा आहेत. त्यामुळे शिपायाला परस्पर फोन करून ‘रविवारी या, सत्कार आहे’ असे सांगणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे. पत्र पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, मुख्य अग्निशमन अधिकारी, होमगार्डचे जिल्हा समादेशक यांच्या नावे, निदान सहा आठवडे आधी जावे. त्यात कार्यक्रमाचे स्वरूप, व्यासपीठावर कोण असेल आणि काय दिले जाईल हे स्पष्ट लिहावे. रोख रकमेचा विचारच करू नये.

विभागाकडून जितके सत्कार करायचे त्याच्या दुप्पट नावे मागावीत, प्रत्येकाच्या कामाच्या चार ओळींसह. निवड तीन ते पाच जणांच्या समितीने करावी आणि त्यात एखादा निवृत्त अधिकारी असावा. चार ओळींत काय लिहिले आहे आणि काय गाळले आहे हे त्याला कळते. निवड झाल्यावर विभागाला आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: यांपैकी कोणाची विभागीय चौकशी सुरू आहे का? हे न विचारल्याने सत्कारानंतर पंधरवड्यात त्याच नावाची निलंबनाची बातमी वाचायची वेळ आलेली आहे. ज्या ठाण्यात एखाद्या सभासदाचे प्रकरण तपासावर आहे, तिथल्या तपास अधिकाऱ्याचा सत्कार त्या वर्षी करू नये. हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो तसा दिसत नाही.

नावे मागवली की बहुधा अधिकाऱ्यांचीच येतात. म्हणून पत्रातच ‘निम्म्याहून अधिक नावे अंमलदारांची (म्हणजे शिपाई, हवालदार अशा खालच्या हुद्द्यांवरच्यांची) असावीत’ असे लिहावे. ठाणे अंमलदार, बिनतारी संदेश कक्षातला कर्मचारी, बंबाचा चालक, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन घेणारी महिला पोलीस, रेल्वेचा पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी) ही माणसे छायाचित्रात कधी नसतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात रुळावर पडलेल्या मुलाला एका पॉइंट्समनने धावत्या गाडीपुढून उचलले, ते सीसीटीव्हीत दिसले म्हणून देशाला कळले. न दिसणारी कामे शोधणे हेच निवड समितीचे खरे काम आहे.

कंत्राटी माणसांचा वेगळा विचार हवा. किनाऱ्यावरचे जीवरक्षक, १०८ रुग्णवाहिकेचे चालक आणि वाहतूक वॉर्डन यांना पुष्कळदा कंत्राटदाराकडून रजा घ्यावी लागते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. होमगार्ड मानसेवी असतो, त्याला कर्तव्याच्या दिवसाचाच भत्ता मिळतो. सत्काराला येऊन त्यांचे नुकसान होऊ नये, एवढे क्लबाने पाहायलाच हवे. खेड्यात पोलीस पाटील (१९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखालचे पद), ग्रामसुरक्षा दल आणि दरीतून माणसे काढणारी पथके या यादीत असावीत. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि महाबळेश्वर ट्रेकर्स ही त्यातली ठळक नावे.

मानपत्र

मानपत्र नव्वद ते एकशेवीस शब्दांचे असावे. एवढा मजकूर मिनिटभरात वाचून होतो. ‘आपण समाजासाठी केलेल्या अतुलनीय कार्याची दखल घेऊन’ अशी सुरुवात केली की नाव बदलून तेच पत्र दहा जणांना देता येते, आणि घेणाऱ्याला ते कळते. उलट ‘रात्री पाऊण वाजता वर्दी मिळाल्यावर आपण चाळीस फूट खोल विहिरीत दोर बांधून उतरलात आणि दोन्ही मुलांना एकापाठोपाठ वर पाठवून शेवटी स्वतः आलात’ या एका वाक्यात काम, वेळ आणि माणूस तिन्ही येतात. (वर्दी म्हणजे अग्निशमन दलात आगीची किंवा अपघाताची खबर. निवेदकाने ‘अंगावरची वर्दी’ असे म्हटले की जवान एकमेकांकडे बघतात.)

नाव आणि हुद्दा सेवापुस्तकाप्रमाणे घ्यावा. हवालदाराला शिपाई लिहिले किंवा सहायक उपनिरीक्षकाला उपनिरीक्षक केले, तर दोन्ही वेळा माणूस ओशाळतो. अग्निशमन दलात फायरमन, लीडिंग फायरमन, उपस्थानक अधिकारी अशी उतरंड आहे आणि पुण्यात लीडिंग फायरमनला तांडेल म्हणतात. छपाईपूर्वी मसुदा विभागाकडून तपासून घ्यावा.

काही गोष्टी मानपत्रात येताच कामा नयेत. लैंगिक अत्याचाराच्या तपासासाठी सत्कार असेल तर पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. गाव, शाळा, नाते, महिना यांतला एकेक तपशील निरुपद्रवी वाटतो, पण एकत्र आले की छोट्या तालुक्यात ओळख पटते. खटला चालू असेल तर ‘गुन्हेगार’ न लिहिता ‘संशयित’ किंवा ‘आरोपी’ लिहावे. गुप्त कामगिरीवरच्या कर्मचाऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्राला देऊ नये. त्याचा सत्कार मुख्यालयातच, बंद दाराआड करावा.

प्रत्यक्ष सोहळा

एका कार्यक्रमात सहा ते आठ सत्कारमूर्ती पुरे. प्रत्येकी तीन मिनिटे धरली तर सत्कार पंचवीस मिनिटांत आणि सारा कार्यक्रम तासाभरात आटोपतो. क्रम साधा असतो: अध्यक्षांनी घंटा वाजवून सभा सुरू करणे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मानपत्र वाचन आणि सत्कार, एक-दोघांचे मनोगत, पाहुण्यांचे भाषण, आभार, राष्ट्रगीत. भाषण सत्कारानंतर ठेवावे. प्रमुख पाहुणे उशिरा आले तरी सत्कार वेळेवर सुरू व्हावा, कारण पुढच्या रांगेतल्या निम्म्या माणसांना रात्रपाळीवर जायचे असते.

गणवेशातल्या माणसाचा सत्कार करताना हातांचा गोंधळ होतो. पोलीस टोपी घालून पुढे येतो, शाल खांद्यावरच्या पदचिन्हांवरून घसरते, डाव्या हातात नारळ, उजव्या हातात मानपत्राची चौकट, आणि समोर वरिष्ठ. सलाम करायला हातच उरत नाही. म्हणून तबक घेऊन एक सभासद सत्कारमूर्तीच्या डाव्या बाजूला, पाऊलभर मागे उभा ठेवावा. शाल पांघरली की श्रीफळ देऊन लगेच तबकात घ्यावे, मग मानपत्र दोघांनी धरून छायाचित्र काढावे, मग तेही तबकात जावे. उजवा हात मोकळा राहतो. टोपीवर फेटा बांधण्याचा आग्रह धरू नये. महिला पोलिसांना साडी आणि पुरुषांना सन्मानचिन्ह असा भेदही नको.

बंबासह आलेल्या जवानांची गाडी फाटकाकडे तोंड करून उभी करावी, पुढची वाट मोकळी ठेवावी आणि चालकाजवळ वॉकीटॉकी चालू असावा. वर्दी आली तर ते मानपत्र अर्धवट टाकून निघतील. निवेदकाला हे आधीच सांगून ठेवावे आणि उरलेला सत्कार दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन पूर्ण करावा. खरे तर अग्निशमन दलासाठी केंद्रातला सत्कारच सर्वांत चांगला. पाळी बदलण्याच्या वेळी दोन्ही पाळ्यांचे जवान तिथे हजर असतात.

कुटुंबीयांना बोलावणे हा या सोहळ्याचा गाभा आहे. प्रत्येक सत्कारमूर्तीमागे चार जागा राखाव्यात आणि निमंत्रण घरच्या पत्त्यावर पाठवावे. घरी न आलेल्या दिवाळीचा हिशेब त्या चार खुर्च्यांवर बसलेला असतो. मरणोत्तर गौरवात जास्त जपावे लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबची बंदूक धरून ठेवणारे, अशोकचक्राचे मानकरी तुकाराम ओंबळे, किंवा मे २०१५ मधल्या काळबादेवीच्या गोकुळ निवास आगीत प्राण गमावलेले मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी यांच्यासारख्यांच्या स्मरणाला कार्यक्रम होतात, तेव्हा वीरपत्नीला मनोगताची विनंती व्यासपीठावरून अचानक करू नये. सत्कार करणाऱ्यांनी पायऱ्या उतरून त्यांच्या खुर्चीपाशी जावे.

वस्तू की सन्मान

शाली घरी साठतात. म्हणून अनेक क्लब सत्काराबरोबर ठाण्याला किंवा केंद्राला उपयोगी वस्तू देतात: वाहतूक पोलिसांना मास्क आणि गॉगल, नदीकाठच्या ठाण्याला लाइफ जॅकेट व दोर, चौकीला पाण्याचे शुद्धीकरण यंत्र. वस्तू आधी विचारून घ्यावी, पत्रासह विभागप्रमुखांकडे द्यावी आणि जडसंग्रह नोंदवहीत (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) तिची नोंद झाल्याची पोच मागावी. नोंद नसलेली वस्तू बिघडली की दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही आणि ती कोपऱ्यात जाते. आरोग्य तपासणी शिबिर हीदेखील चांगली जोड आहे, मात्र अहवाल ज्याचा त्यालाच बंद पाकिटात मिळावा. रक्षाबंधनाला चौकीत जाऊन राखी बांधणे आणि दिवाळीत फराळ नेणे ही याच भावनेची, बिनखर्चाची रूपे.

२०२०-२१ मध्ये ‘कोरोना योद्धा’ प्रमाणपत्रांचा पूर आला. नाव भरले की मोबाइलवर प्रमाणपत्र मिळे. स्मशानात आणि विलगीकरण केंद्रांबाहेर उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या हातातला कागद आणि घरी बसून मिळवलेला कागद सारखाच दिसू लागला. त्यानंतर जाणत्या क्लबांनी संख्या कमी केली आणि मानपत्राचा मजकूर वाढवला.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत मानपत्राची एक प्रत आवरणपत्रासह विभागप्रमुखांकडे जावी, एक क्लबाच्या दप्तरात राहावी आणि दोन छायाचित्रे सत्कारमूर्तीच्या घरी पोचावीत. त्यातले एक कुटुंबासह काढलेले असावे.