अडीच किलोच्या मागे तीन पिढ्या

बाळाचं वजन दोन किलो तीनशे भरलं की पुण्यातल्या प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मुलीची आई म्हणते, "आमच्याकडे सगळी अशीच, ही जन्मली तेव्हासुद्धा एवढीशीच होती." सासरचं कुणीतरी म्हणतं, "नऊ महिने नीट जेवलीच नाही." संशोधनाचा गेल्या साठ वर्षांचा कल पाहिला तर त्यातल्या आजीचं म्हणणं खरं ठरण्याची शक्यता जास्त. आणि त्याचा भक्कम पुरावा पुण्याच्याच आसपासच्या खेड्यांतून आलेला आहे.

अडीच किलोखालचं बाळ कमी वजनाचं, ही रेघ तशी परकी. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ च्या सुमारास ती वापरली, तीही अपुऱ्या दिवसांची बाळं ओळखण्यासाठी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलली. पण दिवस पूर्ण भरूनही बाळ लहानच असू शकतं हे मान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं, आणि तेव्हाच 'लहान का?' हा प्रश्न नीट विचारला जाऊ लागला.

त्याचं एक उत्तर आधीच एका तबेल्यातून आलं होतं. १९३८ मध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड यांचा संकर केला. आई शायर असली की शिंगरू मोठं, आई शेटलंड असली की लहान. आईबापांच्या जाती दोन्ही वेळी त्याच, फक्त गर्भाशय कुणाचं ते बदललेलं. माणसांत ही गोष्ट ऑक्सफर्डच्या मार्गारेट आणि ख्रिस्टोफर आउन्स्टेड यांनी पाहिली. वाढ खुंटलेल्या बाळांच्या आया स्वतः जन्मताना लहान होत्या. म्हणजे आईच्या शरीराची एक मर्यादा असते, आणि ती बऱ्याच अंशी तिच्या स्वतःच्या जन्माआधी ठरलेली असते.

जनुकांचा वाटा नाही असं नाही. बापाच्या अंगलटीचाही बाळावर परिणाम दिसतो. अँड्र्यू हॅटरस्ली यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ग्लुकोकायनेज या जनुकातला विशिष्ट दोष बाळात आला आणि आईत नसला तर वजन अर्ध्या किलोने घटतं. पण घराण्यात चालत येणारं सगळं जनुकांतूनच येतं असं नाही. उपासमार, लहान वयातलं लग्न, खुंटलेली उंची, अंगमेहनत, हेही घराण्यात चालत येतंच.

मग ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर आले. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं वजन वहीत लिहून ठेवत. त्या वह्या हाती लागल्यावर बार्कर यांनी १९८९ मध्ये मांडलं की लहानपणी कमी वजनाची असलेली माणसं मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात. अशा वह्या आपल्याकडे असत्या तर! आपल्या आज्यांची बाळंतपणं सुईणीने घरात केलेली, आणि जन्मतारीखच "पोळ्याच्या आदल्या दिवशी" अशी सांगितलेली. वजन कोण करतो?

पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक तेव्हा वेगळ्याच कोड्यात अडकले होते. त्यांचे मधुमेही रुग्ण इंग्रजी पुस्तकांतल्यासारखे नव्हते, वयाने तरुण आणि अंगाने बारीक होते. त्यांनी केईएममध्ये जन्मलेली मुलं चौथ्या वर्षी तपासली. कमी वजनाने जन्मलेल्यांची साखर ग्लुकोज पाजल्यावर जास्त चढत होती. साउदम्प्टनच्या बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्याशी सहकार्य जुळलं आणि १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' (आयांच्या पोषणाचा अभ्यास) सुरू झाला. केईएमला खेडी नवी नव्हती. केईएमच्याच डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकातच वढू बुद्रुक या गावी आरोग्याचं काम उभं केलं होतं.

या अभ्यासाचं वेगळेपण असं की बाईला दिवस जाण्याआधीपासून तिची मापं घेतली गेली. जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत बाळाचं वजन व्हायचं; मग डोक्याचा, पोटाचा, दंडाचा घेर, आणि चिमट्यासारख्या कॅलिपरने दंडामागची आणि खांद्याच्या पात्याखालची कातडी धरून चरबीची जाडी. आयांचं सरासरी वजन गरोदरपणाआधी ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. बाळं सरासरी २.७ किलोची, तर साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण कॅलिपरने जे दाखवलं ते कुणाच्या मनात नव्हतं. इथल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर फारच कमी, आणि कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकी. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

आहाराच्या नोंदीही चक्रावणाऱ्या होत्या. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांना दिसलं की आईने किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागत नाही. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. दारात म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं, हे इथल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. विहिरीवरून पाणी ओढणं, धुणं धुणं यांसारख्या कष्टांचाही बाळाच्या मापांवर परिणाम दिसला. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आपल्याकडे डिंक, अळीव, खारीक-खोबरं सगळं बाळंतपणानंतर. आधी मात्र "फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडेल" असा सल्ला. मला यात माया दिसते आणि चुकीचा हिशेबही.

आता थोडा माझा हिशेब, अभ्यासाचा नव्हे. १९९४-९६ मध्ये बाळंत झालेल्या या आया सरासरी एकवीस वर्षांच्या. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणी १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मल्या. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागात तेव्हा पोटुशी बाईसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडत होती, वर सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची आयुष्यभराची स्त्रीबीजं तयार होतात. तेव्हा १९९५ च्या बाळाचं बीज ज्या पोटात घडलं ते आजीचं. आजीने काय खाल्लं याची वही कुणाकडे नाही, त्यामुळे हे सिद्ध करता येणार नाही. पण ते बाळ जोखताना फक्त सुनेचे नऊ महिने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या पिढीला पोटभर मिळालं तर हे पुसलं जातं का? पुण्यातल्याच उंदरांच्या एका वसाहतीने याचं कडू उत्तर दिलं. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या या उंदरांवरचं आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांचं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जन्मवजन कमी, इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी. नंतर दोन पिढ्या व्यवस्थित खायला घातलं तरी बिघाड गेला नाही. माणूस उंदीर नाही, आणि सलग ५० पिढ्यांची उपासमार कुठल्याच घराण्याने पाहिलेली नसते, तरी "दोन वर्षं योजना राबवली, फरक का नाही?" असं विचारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे वाचावं.

सहा गावांतली ती बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. जवळजवळ निम्मी अजूनही कमी वजनाची होती, आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर मर्यादेबाहेर होती, बहुतेकांची मधुमेहपूर्व पातळीवर. पोटात ज्यांची वाढ कमी झाली आणि बालपणापासून उपाशीपोटीची साखर किंचित वर होती, तीच यात पुढे होती. इथून साखळी नवं रूप घेते. अशा मुलीला दिवस गेले की तिची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाची चरबी वाढते. कार्डावर वजन ठीक भरेल, घरच्यांना हायसं वाटेल, पण दुखणं तेच.

ही साखळी तोडता येते का हे पाहायला २०१२ मध्येच याच गावांत 'प्रिया' नावाची चाचणी सुरू झाली. त्या मुलामुलींना लग्नाआधीच, काहींना बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषकं, काहींना तुलनेसाठी नुसतीच गोळी. मुलगेही त्यात होते, हे मला विशेष वाटतं. किशोरवयीनांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात आठवड्याला जी गोळी मिळते तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असतं, बी-१२ नसतं.