मूत्रपिंडातील पुटी व मुतखडा

मूत्रपिंडात द्रवाने भरलेली पातळ भिंतीची पिशवी तयार झाली की तिला पुटी म्हणतात, तर लघवीतील क्षारांचे स्फटिक साखळून बनलेल्या खड्याला मुतखडा किंवा अश्मरी असे नाव आहे. सोनोग्राफीच्या अहवालात दोहोंचा उल्लेख अनेकदा शेजारीशेजारी येतो आणि एकातून दुसरे उद्भवले असावे असा समज होतो. बहुतेक रुग्णांत मात्र त्यांचा संबंध एकाच तपासणीत दिसण्यापुरताच असतो.

साधी पुटी वयाबरोबर येते, पन्नाशीनंतर ती सर्रास आढळते आणि सहसा कोणताही त्रास देत नाही. बोलण्यात तिला ‘पाण्याची गाठ’ म्हणतात. गाठ या शब्दाने घरात जी धास्ती शिरते, तिला साध्या पुटीच्या बाबतीत आधार नसतो. भिंत जाड असेल, आत पडदे असतील किंवा घट्ट भाग दिसत असेल, तर मात्र पुढील तपासणी लागते. क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्निआक यांनी १९८६ मध्ये मांडलेली पुटींची वर्गवारी यासाठीच वापरतात.

मुतखड्याचे दुखणे त्याच्या आकारावर ठरत नाही. मूत्रपिंडात पडून राहिलेला मोठा खडा वर्षानुवर्षे गप्प असू शकतो, पण चार मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीत अडकला की कुशीतून जांघेपर्यंत कळा येतात. अपेंडिक्स सुजलेला रुग्ण हालचाल टाळून पडून राहतो. मुतखड्याचा रुग्ण मात्र तळमळत खोलीभर फेऱ्या मारतो, कारण कोणत्याच कुशीवर त्याला आराम पडत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. त्या दिवसांत लघवी गाळणीतून गाळून खडा मिळाल्यास तो तपासणीसाठी जपून ठेवावा, कारण कॅल्शियम ऑक्झलेट, युरिक आम्ल किंवा जंतुसंसर्गजन्य यांपैकी तो कोणता, यावर पुढचे पथ्य अवलंबून असते. कळांसोबत थंडी वाजून ताप आला, तर रुग्णालयात तातडीने जावे. अडलेल्या लघवीतील जंतुसंसर्ग जिवावर बेततो.

खडा शस्त्राने काढण्याची रीत सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार म्युनिक येथे १९८० मध्ये रुग्णावर प्रथम झाला. आता दुर्बीण व लेसर यांचाही वापर होतो. तरीही खडा काढल्याने खडे बनण्याची प्रवृत्ती जात नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो.

म्हणून रोजच्या जगण्यात पाण्याला पहिले स्थान आहे. किती प्यायले यापेक्षा किती लघवी झाली, हे मोजणे अधिक खरे: दिवसाला सुमारे अडीच लिटर. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात किंवा भट्टीपाशी राबणाऱ्याचे बरेचसे पाणी घामावाटेच जाते, त्यामुळे त्याला बरेच जास्त प्यावे लागते. लोणची-पापडांतून जाणारे मीठ कमी करावे, पण दूध-दही तोडू नये. अन्नातील कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेट या क्षाराला आतड्यातच बांधून ठेवते. ते कमी केले की ऑक्झलेट अधिक शोषले जाऊन लघवीत उतरते. पालक, अळू व राजगिरा यांत ऑक्झलेट भरपूर असते. टोमॅटोच्या बियांचा खडा होतो ही समजूत मात्र निराधार आहे. कुळथाचे कढण घरोघरी दिले जाते. त्यातून पाणी पोटात जाते हा फायदा आहेच, पण अडकलेला मोठा खडा त्याने विरघळेल म्हणून उपचार लांबवू नयेत. विरघळवता येतो तो मुख्यतः युरिक आम्लाचा खडा, आणि तोही लघवीची आम्लता औषधाने कमी करून.

बहुपुटी मूत्रपिंड या आनुवंशिक विकारात पुटी व खडे यांचा खरा संबंध असतो. आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. पुटींच्या दाबाने लघवीचा प्रवाह रेंगाळतो, तिच्यातील खड्यांना आळा घालणारे सायट्रेट घटते आणि खडे सहज बनतात. अशा रुग्णाने रक्तदाब आटोक्यात ठेवावा आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्याच्या कुशीत दुखू लागले, तर कारण खडा, पुटीतील रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काहीही असू शकते. पुटीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियमही सोनोग्राफीत खड्यासारखे दिसते, त्यामुळे निदानासाठी अनेकदा सीटी स्कॅन करावा लागतो.