भाकरी कुणाच्या ताटात जाते?

गणपतीला गावी गेलेला मुलगा परत आलाच नाही, हे छोटं हॉटेल चालवणाऱ्या कुणालाही नवं नाही. सहा-सात माणसांवरचा व्याप. एक जण गेला की भट्टीवरच्या वस्तादालाच टेबलं पुसावी लागतात. म्हणून काही मालक पंधरा दिवसांचा पगार दाबून ठेवतात, काही उचल देऊन बांधून घेतात. त्यानं पोरगं अडकतं, पण त्याचं मन लागत नाही. मन कशानं लागतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, आणि त्यातला एक प्रयोग थेट स्वयंपाकघरातलाच आहे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन ब्यूएल यांनी सहकाऱ्यांसह एका कॅफेटेरियात व्हिडिओचे पडदे लावले. कधी फक्त गिऱ्हाइकांना आचारी दिसायचे, कधी फक्त आचाऱ्यांना गिऱ्हाइकं, कधी दोघं एकमेकांना, तर कधी कुणीच कुणाला नाही. आचाऱ्यांना खाणारी माणसं नुसती दिसू लागली, तेवढ्यानं गिऱ्हाइकांचं समाधान १० टक्क्यांनी वाढलं. खाणाऱ्यांना तेव्हा आचारी दिसत नव्हते, म्हणजे फरक ताटातच पडला होता. दोघं एकमेकांना दिसले तेव्हा ही वाढ १७ टक्क्यांवर गेली आणि कामही सुमारे १३ टक्क्यांनी लवकर होऊ लागलं. एरवी अंडी आधीच तव्यावर करून ठेवली जायची आणि जास्त शिजायची. समोर माणूस दिसल्यावर आचारी ती मागणी आली की ताजी करू लागले.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी कामातल्या गोडीची तीन मुळं सांगितली आहेत: थोडं आपल्या मनानं करता येणं, आपल्याला हे जमतं असं जाणवणं आणि माणसांशी जोडलं जाणं. ती अंडी करताना ही तिन्ही एकाच वेळी पुरी होत असावीत, असं मला वाटतं.

आमच्या घराजवळच्या खानावळीत वीस वर्षांची एक मुलगी प्लायवूडच्या भिंतीआड भाकऱ्या करते. मालकीणबाईंनी मध्यंतरी त्या भिंतीला हातभर खिडकी पाडली. आता ती मुलगी ताटाकडे बघते, आणि समोरच्याची अर्धी भाकरी संपली की मगच पुढची तव्यावर टाकते. कुणाला किती कडक लागते हेही तिला पाठ झालंय.

झोपेचं मात्र मालकांच्या लक्षातच येत नाही. टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की वयात येताना शरीराचं झोप-जागेचं घड्याळ मागे पडत जातं आणि विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरा चालतं. मग ते पुन्हा हळूहळू लवकर होऊ लागतं. पन्नाशीतल्या मालकाला पाचला आपोआप जाग येते. रात्री बाराला शटर ओढणाऱ्या मुलाला सहाला कांदे चिरायला उठवलं, तर तो पेंगणारच. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. रात्री बंद करणाऱ्याला सकाळी उघडायला लावू नये, एवढं तर सहज करता येतं.

आणि पैसा? तो लागतोच. पण कमी पैसे कसे दिले जातात, यानंही फार फरक पडतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास अमेरिकेतल्या कारखान्यांतला आहे. तिथे दहा आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापला होता. जिथे कारण नीट, हळहळून सांगितलं, तिथे चोऱ्या थोड्याच वाढल्या आणि नोकरी सोडणारेही कमी निघाले. जिथे दोन शब्दांत उरकलं, तिथे दोन्ही बरंच जास्त होतं.

मटण-माशांच्या हॉटेलांचा श्रावण असाच कोरडा जातो. गल्ला अर्ध्यावर येतो, मालक न बोलता खाडे कापतो, आणि लगेच पुढे गणपती असतात. खिडकी पाडणाऱ्या बाईंनी गेल्या श्रावणात दुपारी सगळ्यांना बसवून हिशेबाची वही उघडली. भाडं, गॅस, दुधाचं बिल, सगळं वाचून दाखवलं. भाकरीवाली मुलगी म्हणाली, “काकू, मग दुपारचा एक सिलिंडर बंद ठेवू की.”