एक अंडं, दोन तापमानं

फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी अंडं उकडायची एक नवी पद्धत जाहीर केली. अंडं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचं, मग दोन मिनिटं ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, पुन्हा उकळत्या पाण्यात, असं एकूण ३२ मिनिटं. सकाळच्या घाईत अंड्यापाशी अर्धा तास कोण उभं राहणार, असं म्हणून बऱ्याच जणांनी ती बातमी सोडून दिली असेल. मला मात्र तिने पुरतं पकडून ठेवलं. ऑम्लेट, हाफ फ्राय, स्क्रँबल्ड एग, उकडलेलं अंडं हे नाश्त्याचे सगळे प्रकार एकाच गोष्टीवर कसे उभे आहेत, ते या पद्धतीत स्वच्छ दिसतं.

अंड्याच्या पांढऱ्या भागात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं आणि उरलेलं बहुतेक सगळं प्रथिन. प्रथिनाचा रेणू म्हणजे लांबलचक दोरा, स्वतःभोवतीच गुंडाळलेला. उष्णता मिळाली की ही गुंडाळी सुटते. आत दडलेले, पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या दोऱ्यांना चिकटतात. असे असंख्य दोरे एकमेकांत गुंतले की जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. मघाशी ओघळणारा द्रव आता सुरीने कापता येतो. पाणी कुठेच गेलेलं नसतं. जाळ्यातल्या गुठळ्या प्रकाश विखुरतात, म्हणून पारदर्शक भाग पांढरा दिसायला लागतो.

अडचण अशी की सगळी प्रथिनं एकाच तापमानाला उलगडत नाहीत. पांढऱ्यातलं एक प्रथिन ६० अंशांच्या थोडं वर गेलं की गुंतायला लागतं, पण ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे पांढऱ्यातलं निम्म्याहून अधिक प्रथिन, ८० अंश ओलांडल्याशिवाय दाद देत नाही. पिवळा बलक ६५ अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि ७० च्या वर कोरडा पडत जातो. थोडक्यात, पांढऱ्याला ८० च्या वर न्यायचं आहे आणि त्याच्या पोटातल्या बलकाला ७० च्या खाली ठेवायचं आहे. एका तापमानाच्या पाण्यात हे जमवायचं तर वेळ अगदी नेमकी साधावी लागते.

आता नेपल्सची युक्ती पाहा. अंड्याच्या पृष्ठभागाला १०० आणि ३० यांचे आळीपाळीने झटके बसतात. हे झटके लाटेसारखे आत शिरतात, पण आत जाताना विरत जातात. लाट किती खोल जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: पदार्थातून उष्णता किती वेगाने पसरते आणि एका आवर्तनाला किती वेळ लागतो. खोली त्या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. अंडं बहुतांशी पाणीच आहे आणि आवर्तन चार मिनिटांचं आहे. हे आकडे मांडले की उत्तर साधारण ३ मिलिमीटर येतं. दर ३ मिलिमीटरला चढउतार जवळपास एक तृतीयांश होतो. पृष्ठभागावर सरासरीच्या वर-खाली ३५ अंशांचे हेलकावे असले, तर एक सेंटीमीटर आत ते दोनेक अंशांवर येतात. तिथल्या बलकाला झटके कळतच नाहीत, त्याच्यापर्यंत पोचते ती सरासरी. १०० आणि ३० ची सरासरी ६५, आणि संशोधकांच्या प्रयोगात बलक ६७ अंशांच्या आसपास स्थिरावला होता. दिवसरात्रीचा तापमानातला फरक जमिनीत अर्ध्या मीटरवर जवळजवळ नाहीसा होतो, तोही याच नियमाने.

मग पांढरा भाग सरासरीवर का थांबत नाही? कारण गुंतणं परतत नाही. थंड पाण्यात तापमान उतरतं, पण एकदा बसलेल्या गाठी सुटत नाहीत. प्रत्येक गरम फेरीत थोड्या गाठी वाढतात आणि थंड फेरीत त्या तशाच राहतात. उष्णता येते-जाते, जाळं मात्र विणलं जातच राहतं. मला हा भाग फार सुंदर वाटतो.

रोज ३२ मिनिटं कोणी देऊ नयेत. पण हे एकदा समजलं की तव्यावरचे निर्णय सोपे होतात. स्क्रँबल्ड एग मंद आचेवर सतत हलवत करा आणि अजून ओलसर दिसत असतानाच उतरवा, आतली उष्णता उरलेलं काम करते. आच मोठी ठेवली तर जाळं आवळतं, पाणी पिळून बाहेर पडतं आणि ताटलीत रबरी तुकडे उरतात. दूध घातलं की दोरे एकमेकांपासून लांब जातात, म्हणून जाळं सैल आणि मऊ होतं. हाफ फ्रायवर झाकण ठेवा, म्हणजे वाफ वरचा पांढरा भाग शिजवते आणि बलकाला खालून जास्त तापावं लागत नाही. फोडून थेट पाण्यात शिजवायचं असेल तर अंडं आधी गाळणीत धरा. पातळ भाग गळून जातो आणि पाण्यात चिंध्या पसरत नाहीत.

उकडलेल्या बलकाभोवतीचं हिरवट कडं म्हणजे फार वेळ उकळल्याची खूण. पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू बलकातल्या लोहाला भेटतो आणि तिथे लोहाचं सल्फाइड तयार होतं. ते निरुपद्रवी आहे. अंडं लगेच थंड पाण्यात टाकलं तर ते सहसा दिसत नाही.

कच्चं अंडं प्यायल्याने जास्त ताकद येते, ही समजूत मात्र सोडायलाच हवी. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन पचलं आणि कच्च्यातलं जेमतेम ५० टक्के. उलगडलेल्या दोऱ्यावर पाचकरसांना सहज काम करता येतं. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं आणि साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो तो वेगळाच. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांसाठी बलकही पूर्ण घट्ट होऊ द्यावा. तपकिरी कवचाचं अंडं जास्त पौष्टिक असतं यालाही आधार नाही. तो रंग कोंबडीच्या जातीचा असतो.

उकडायला घेताना आठवडाभर जुनं अंडं निवडा. अंडं जुनं होताना कवचातून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतो. कवच मग सलग निघून येतं.